पलीकडे म्हणजे कुठे

आमच्या वन्संना कुणी काही विचारलं, की उत्तराच्या आधी त्यांचाच एक प्रश्न यायचा. "कुठलं पलीकडे? कालव्याच्या की रुळांच्या?" बस स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी उभं आयुष्य हेच विचारण्यात काढलं. बसून उभं आयुष्य, असं मी म्हटलं की आमचे हे हसायचे आणि वन्सं माझ्याकडे चष्म्यावरून बघायच्या.

आधी हे पलीकडेचं प्रकरण सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्या इथे पाच गावं एकमेकांना चिकटून आहेत. गावं म्हणायची तर मोठी, शहरं म्हणायची तर ऐकणारा हसेल. आमचं मधलं. त्याच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ. कालव्याच्या बाजूचे लोक कालवा ओलांडून निघाले की 'पलीकडे जातो' म्हणतात. रुळांच्या बाजूचे लोक रूळ ओलांडून निघाले की तेही 'पलीकडे जातो' म्हणतात. नवीन माणसाला वेड लागायची पाळी येते. आणि दोन्हीकडच्यांना विचाराल, तर त्यांचं ठाम मत असं की पलीकडे एकच आहे, दुसरे म्हणतात ते काहीतरी भलतंच.

कालवा ओलांडला की दिव्यांची दुकानं लागतात. रस्ताभर दिवेच दिवे, आणि दुकानदार ते दिवसाउजेडी लावून ठेवतात, त्यामुळे भर दुपारी तिथे संध्याकाळ असल्यासारखं वाटतं. त्याच्यापुढे तळ्याकाठचं गाव. तिथे समोर बसवून मासा भाजून देतात, आणि तळ्यावरच्या वाऱ्याने भूक अशी लागते की माणूस स्वतःलाच ओळखत नाही. इकडे रुळांपलीकडे कापडबाजार. बोळांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड ताणलेलं, म्हणून एका बोळात ऊन पिवळं तर पुढच्या बोळात निळं. आणि सगळ्यात शेवटी जुन्या सामानाचं गाव, तिथे कुणाकुणाच्या घरातले आरसे भिंतीला टेकून उभे असतात, आपण चाललो की आपल्यासारख्याच बऱ्याच बायका आपल्याबरोबर चालतात. आमच्या मधल्या गावात काय मिळतं म्हणाल, तर बस मिळते. बस, एवढंच.

आता गंमत ऐका. रोज शेकडो लोकांना कुठे जेवा आणि कुठे काय घ्या हे सांगणाऱ्या आमच्या वन्सं स्वतः यातल्या कुठेच जात नसत. लहानपणी गेलेल्या, तेवढंच. आईवडील लवकर गेले, शिक्षण सोडून त्या खिडकीत बसल्या, धाकट्या भावाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे. त्यांना वाढवणं म्हणजे काय असेल ते मला विचारा, मी अजून वाढवते आहे.

वन्संना सगळं कळायचं ते परत येणाऱ्यांकडून. सकाळी ज्याला रस्ता सांगितला तो संध्याकाळी सामान घेऊन स्टँडवर उतरला, की त्या काचेच्या भोकातून विचारायच्या, "कसं होतं?" लोकही सांगायचे. कुणी नवी चादर उलगडून दाखवायचं, कुणी सूपमध्ये मिरी जास्त होती म्हणायचं. घरी आल्या की स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघी बसायचो, मी शेंगा सोलायचे आणि वन्सं डोळे मिटून बोलायला लागायच्या. आता कापडबाजारात कापडं गुंडाळत असतील, निळ्या बोळात अंधार आधी पडतो. तळ्याकाठी खुर्च्या आत घेताहेत, एक खुर्ची ओली आहे, तिच्यावर मुद्दाम कुणी बसत नाही. मी म्हणायचे, "वन्सं, तुम्हाला कसं माहीत ती ओली आहे?" तर म्हणायच्या, "परवा एकाची पँट ओली होती, त्याने सांगितलं." मला मात्र ऐकता ऐकता खरंच तळ्यावरचा वारा लागायचा. कितीदा तर हातातल्या शेंगा तशाच राहायच्या आणि रात्रीच्या भाजीला उशीर व्हायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची धडकी भरायची, हेही सांगते. स्पीकरवर बोलून बोलून घरातही त्या तसंच बोलायच्या. "दूध गॅसवर आहे, तरी लक्ष असावं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं, स्पीकर कुठे बसवलाय म्हणून. नंतर भांडायला लागले आणि भांडता भांडता जीव जडला. कसा ते कळलं नाही.

आणि मग बटणवाले आले.

रुळांच्या बाजूला त्यांचं दुकान, बटणं, दोरे, लेस असलं सगळं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, ती लांबच्या मोठ्या शहरात. माणूस सरळ, कानाने जरा कमी ऐकणारा. एका बुधवारी ते खिडकीशी आले आणि लाकडी बटणं कुठे मिळतील विचारून गेले. वन्संनी जुन्या सामानाच्या गावातलं एक दुकान सांगितलं. पुढच्या बुधवारी शिंपल्याची बटणं. त्याच्या पुढच्या बुधवारी पितळेची. वन्सं घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगायच्या, आणि मी एक दिवस कपाळावर हात मारला.

"अहो वन्सं, बटणं विकणारा माणूस तुम्हाला विचारतो बटणं कुठे मिळतील?"

"मग? त्यांच्याकडची संपली असतील."

"संपली नाहीयेत. घोडं दुसरीकडेच अडलंय त्यांचं."

 पण त्या दिवसापासून वन्सं बुधवारी केस जरा नीट विंचरून जायला लागल्या. मी बघितलं, बोलले मात्र नाही. मला सगळ्याच गोष्टी बोलायची हौस आहे असं ह्यांना वाटतं, तसं काही नाही.

असे किती बुधवार गेले कोण जाणे. मग एकदा वन्सं घरी आल्या त्या सरळ मागच्या पायरीवर जाऊन बसल्या, चप्पलसुद्धा काढली नाही. बटणवाल्यांची मुलगी त्यांना कायमचं बोलावत होती. एकटे किती दिवस राहणार, दुकान आवरा आणि या, तिकीट मी काढते, असं तिचं म्हणणं. ते भोकाशी तोंड आणून म्हणाले होते, "जायचं की नाही हे ठरवायच्या आधी एकदा तुमच्याबरोबर बसून जेवावं म्हणतो. रविवारी दुपारी. पलीकडे, ते वरच्या मजल्यावरचं जेवणघर आहे ना, तिथे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"मागे रांग होती."

म्हणजे सगळं त्या रविवारवर आलं होतं. वन्सं जेवायला गेल्या तर माणूस राहणार, नाही गेल्या तर जाणार. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.  वन्सं त्यांच्या घरी राहायला गेल्या तर मी भांडणार कोणाशी, हा विचार पहिला आला, आणि त्याच्या मागोमाग, जाऊ देत, जाऊ देत बाई एकदाच्या, असंही वाटलं. दोन्ही खरंच वाटलं.

रविवारी ठेवणीतले निळे कपडे घालून त्या कालवा ओलांडून गेल्या. दिव्यांच्या दुकानांच्या वर, लाकडी जिना चढून, वरच्या मजल्यावर जेवणघर आहे. आम्ही कालव्याकाठी राहणारी माणसं, आमचं पलीकडे ते. त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं.

संध्याकाळी परत आल्या. हातात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही.

"आले नाहीत," म्हणाल्या.

मग हळूहळू सांगितलं. खिडकीपाशी टेबल मिळालं होतं. खाली रस्ताभर दिवे लागलेले, कुणी येता-जाता लोलकांना हात लावला की वर छतावर रंग हलायचे. त्यांना वाटलं आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून बोटी चालल्यात. वाढप्याने दोनदा विचारलं, तेव्हा सूप मागवलं. जिन्यावर पाऊल वाजलं की त्या चमचा खाली ठेवायच्या. दरवेळी दुसरंच कुणी यायचं. सांगताना त्या रंगांचंच सांगत होत्या, माणसाचं नाही. मला इतका राग आला की मी भांडी आपटली.

"फोन करा त्यांना. दुकानाच्या पाटीवर नंबर आहे."

"ते आले नाहीत. मी कशाला फोन करू?"

"काही अडचण आली असेल."

"आली असेल तर बुधवारी सांगतील."

बुधवारी बटणवाले आले नाहीत. वन्सं घरी आल्या, जेवल्या, झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मागच्या पायरीवर मी एकटीच शेंगा सोलल्या. ह्यांनी विचारलं, ताईला बरं नाही का, तर मी म्हटलं तुमची बहीण आहे, तुम्हीच विचारा. ते पेपर वाचायला लागले.

शनिवारी दुपारी वन्सं अवेळी घरी आल्या. खिडकी लावून आल्या होत्या, आणि हे आजवर कधी घडलं नव्हतं. झालं होतं असं, की एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली आणि तिने विचारलं, पलीकडे जेवायला चांगलं कुठे मिळेल. वन्संनी सवयीने विचारलं, "कुठलं पलीकडे?" आणि पुढचे शब्द तोंडातच राहिले. बटणवाले रुळांच्या बाजूचे. त्यांचं पलीकडे म्हणजे कापडबाजार. तिथेही वरच्या मजल्यावर एक जेवणघर आहे, वन्संनी स्वतः कितीतरी लोकांना तिथे पाठवलेलं. साऱ्या जगाला जे विचारलं ते त्या एका माणसाला विचारायचं राहिलं.

"त्यांचा आवाज ऐकत होते," वन्सं म्हणाल्या. "काय म्हणताहेत ते ऐकलंच नाही नीट." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या माझ्यासमोर रडल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि चप्पल घातली.

आम्ही दोघी त्यांच्या दुकानावर गेलो. शटर खाली. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, माल कुणाला तरी देऊन टाकायला गेलेत, रात्री उशिरा येतील. परवा सकाळची गाडी आहे. उद्या दुपारी पलीकडे जेवायला जाणार म्हणत होते, जायच्या आधी एकदा.

वन्संचा चेहरा असा उजळला की शिंप्याने मापाची पट्टी खाली ठेवली. मी म्हटलं निरोप ठेवू या. त्या म्हणाल्या, "निरोप कशाला, उद्या समोरच बसायचंय." त्यांचं पलीकडे आता आपल्याला माहीत झालंय, मग काय, असं माझ्याही मनात आलं. शहाण्या आम्ही दोघी.

रविवारी वन्सं पुन्हा तेच निळे कपडे घालून निघाल्या, आणि मीही गेले. दोन टेबलं सोडून बसेन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही, असं कबूल करून. कापडबाजार मी खूपदा बघितलाय, पण वन्संबरोबर तो वेगळाच होता. त्या पिवळ्या बोळात शिरल्या तेव्हा पिवळ्या झाल्या, निळ्यात निळ्या. चालताना हळूच म्हणायच्या, "इथे डावीकडे अस्तराचं दुकान असेल," आणि असायचं. "इथे एक म्हातारा खुर्चीत झोपलेला असेल," आणि तो खरंच झोपलेला होता. लोकांच्या तोंडून ऐकलेल्या गावात त्या लहानपणानंतर पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या, आणि गाव जसं ऐकलं तसंच निघत होतं. एका गुलाबी बोळात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा रंग मला कुणी सांगितला नव्हता." किती वेळ वर बघत राहिल्या. मी घाई केली नाही. मलाच वाटत होतं की झोपेतून कुणी उठवू नये.

जेवणघर वरच्या मजल्यावर, उघडं, चारी बाजूंनी वारा. बटणवाले नव्हते. वाढपी आला आणि वन्संकडे बघतच राहिला.

"गेल्या रविवारी ज्यांची वाट बघत होते, त्या तुम्हीच का?" तो म्हणाला. "एक गृहस्थ होते. दोघांची पानं मांडायला सांगितली. निळे कपडे घालून एक बाई येतील, त्यांना जिना चढताना धाप लागते, पाणी आधी ठेवा म्हणाले."

वन्संना धाप लागते हे घरात मलाही माहीत नव्हतं. स्टँडवरच्या पायऱ्या चढताना त्यांनी बघितलं असणार. निळं मात्र कसं कळलं, देव जाणे.

आम्ही बसलो. मी कबूल केल्याप्रमाणे दोन टेबलं सोडून. वन्संनी काही मागवलं नाही, मीही नाही. खालून कापड फाडल्याचा आवाज यायचा, लांब, एकसारखा, आणि वर ताणलेली कापडं वाऱ्याने फुगायची आणि बसायची. आजूबाजूची माणसं जेवून उठली. दुसरी आली, तीही उठली. वाढप्याने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला सुरुवात केली. उद्या सकाळची गाडी होती. वन्सं उठल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला.

बस रुळांवरून खडखडत आली. आमच्याकडे कुठूनही कुठेही जायचं तरी सगळ्या बस मधल्या स्टँडवर येतात. आम्ही उतरलो. रविवारची खिडकी बंद, आत पडदा ओढलेला. आणि त्या बंद खिडकीसमोर, रांगेत एकटेच उभे असल्यासारखे, बटणवाले उभे होते. हातात टोपी.

त्यांनी आम्हाला बघितलं. 

"मी कालव्यापलीकडे गेलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्ही त्या बाजूला राहता. तुमचं पलीकडे ते असेल. मला काल सुचलं."

"मलाही काल सुचलं," वन्सं म्हणाल्या. "मी रुळांपलीकडे गेले होते."

आणि हसायला लागल्या. मी त्यांना तशा हसताना कधी बघितलं नव्हतं, खांबाला धरून. ते आधी भांबावले, मग त्यांनाही हसू आलं. मला मात्र हसू येईना, मला सपाटून भूक लागली होती.

"जेवलात का?" मी त्यांना विचारलं. नव्हते जेवले. आम्हीही नव्हतो. त्या वेळेला पाचही गावांतली सगळी जेवणघरं बंद, संध्याकाळपर्यंत कुठे चहा मिळाला तर नशीब. "मग चला घरी," मी म्हटलं. "सकाळचा भात आहे. जे आहे ते आहे, नावं ठेवायची नाहीत."

घरी हे कोचावर घोरत होते. त्यांना उठवलं नाही. मी भात परतला, अंडी फोडली, उरलेली भाजी गरम केली. स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. इतके दिवस मध्ये काच होती, त्यामुळे आता हात कुठे ठेवायचे हे दोघांनाही कळेना. बटणवाल्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग भुकेला माणूस खातो तसे खायला लागले. मी पाठ वळवून गॅस पुसत राहिले. पुसण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचा. कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलतात, त्यामुळे घरभर ऐकू आलं.

"बाबा, सामान बांधलं का? उद्या गाडी चुकवू नका. आणि आहात कुठे, दुपारपासून लावते आहे."

"जेवतोय."

"या वेळेला? कुठे जेवताय?"

त्यांनी ताटाकडे बघितलं. मग वन्संकडे. मी गॅस पुसायची थांबले.

"घरी," ते म्हणाले.

"घरी? घर तर रिकामं केलंत ना? भांडी देऊन टाकलीत ना सगळी? कुणाच्या घरी?"

 घास हातातच राहिला होता. बाहेर आमचे हे घोरायचे थांबले होते. मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा. तिकीट रद्द करू का?"

बटणवाल्यांनी घास ताटात ठेवला. तेव्हा वन्संनी फोन स्वतःकडे ओढला आणि स्पीकरवर बोलतात तशा स्वच्छ, ठाम आवाजात म्हणाल्या, "हो. करा."